वॅगन मागून बसते

नाक्यावरचा जमादार गाडीचं तोंड कधी बघत नसे, ढुंगण बघायचा. दारूबंदीचे दिवस होते. खाडीकाठाने हातभट्टीचे डबे निघत आणि होड्यांतून आणखी काय काय उतरत होतं ते देवाला ठाऊक. जमादाराचं म्हणणं असं की माणूस गोड बोलेल, कागद बरोबर दाखवील, पण गाडीच्या मागच्या पाट्यांना, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांना, खोटं बोलता येत नाही. वजन पडलं की पाटे दबतात आणि गाडी मागून बसते. तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसायचा आणि मागचं चाक नि वरचा पत्रा यांच्यामधे हाताची वीत घालून बघायचा. वीत सरळ गेली की "जा" म्हणायचा. अडली की सगळा माल रस्त्यावर. आमच्या बाजूचे सगळे डायवर हे ओळखून होते. चार नारळ जास्त झाले तरी ते पुढे पायाशी घ्यायचे, मागे टाकायचे नाहीत.

मी तेव्हा दिवेआगरला एका मुंबईच्या शेठच्या वाडीवर डायवर होतो. शिक्षण चौथी, तीही मास्तरांनी ढकललेली. माझं गाव आत, तळा गावाच्या बाजूचं. घरची भातजमीन थोरल्या भावाने सांभाळली, मी स्टेअरिंग धरलं. शेठने कुठल्याशा परदेशी वकिलातीतली जुनी स्टेशन वॅगन विकत घेऊन वाडीवर आणून ठेवली होती. सुपारी भरून रेवसच्या धक्क्यावर न्यायची, तिथे लाँचीत चढवायची, येताना शेठची माणसं असली तर आणायची, हे माझं काम. राहायला वाडीतच एक खोली होती. मी आणि माझी बायको.

बायको गेली गेल्या भाद्रपदात. आता एकटा आहे. दिवसभर बसून काय करणार, म्हणून हे लिहितोय. ती वॅगन आठवली की ती आठवते, नि ती आठवली की वॅगन. दोघींनी मला सारखंच छळलं.

त्या वॅगनला मागे पाटे नव्हतेच. पुढे साधी स्प्रिंग, मागे मात्र नारळाएवढे दोन लोखंडी गोळे, त्यांत कोंडलेली हवा, आणि त्यांच्याकडे जाणारी तेलाची नळी. बॉनेटखाली त्या तेलाची टाकी आणि पंप. गाडी रात्रभर उभी राहिली की मागून खाली बसायची. ते तिचं नेहमीचंच. सकाळी इंजिन चालू केलं की पंप तेल ढकलायचा आणि मागचं अंग हळूहळू वर उठायचं. मग मागे चार पोती टाका नाहीतर दहा टाका. क्षणभर दबायची, घुर्र करायची, परत आपल्या उंचीवर यायची. पहिल्यांदा बायकोने बघितलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "अहो, ही तर गोठ्यातल्या म्हशीगत उठते. आदी मागचं, मंग पुढचं."

बाकीच्यांना गंमत वाटली. जमादाराला वाटली नाही. त्याने वीत घातली, ती सरळ गेली. मागे बघितलं तर पोती टपापर्यंत. परत वीत घातली, परत गेली. उभा राहिला आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जसा मीच वॅगनखाली शिरून तिला खांदा देतोय.

"काय रं डायवर, ही भरली तरी बसत कशी न्हाय?"

"तेलावर उचलते साहेब. तशी बनवलीय."

"तशी बनवलीय. कुणासाठी बनवलीय?"

"परदेशी लोकांसाठी."

"ते तिकडं काय नेतात मग?" असं म्हणून त्याने मिशीवरून हात फिरवला. "एक ध्यानात ठेव. ज्या दिवशी ही मला बसलेली दिसंल, त्या दिवशी मी समजंन की हिच्यात हिलासुद्धा न उचलवणारा माल हाय. फळ्या उपटून बघंन."

मी हसलो. तो हसला नाही.

त्या साली पावसाळा संपता संपता बायकोचा धाकटा भाऊ आमच्याकडे राहायला आला. सांगतो ते सरळ सांगतो, मला तो नको होता. आधी एकदा हातभट्टीचे डबे नेताना सापडून आत जाऊन आलेला. बायको म्हणाली, "आईबाप न्हाईत त्येला. मी न्हाय ठेवला तर कोण ठेवील?" मी म्हटलं, राहू दे, पण वॅगनला हात लावायचा नाही. त्याने मान हलवली. वाडीत सुपारी सोलायची, वाळवायची, पोती शिवायची आणि माझ्या वॅगनमधे चढवायची, हे काम त्याला मिळालं. हात न लावता पोती कशी चढवणार, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. नंतर पडला.

पौषात एका सकाळी पोती भरून इंजिन चालू केलं आणि वॅगन मागून उठलीच नाही. घुर्र घुर्र करीत राहिली. ॲक्सिलरेटर दिला, तरी मागचं अंग जमिनीला टेकायला आलेलं. मी पोती उतरवली. रिकामी वॅगन, तरी बसलेलीच. मग माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती तेलाची नाही, पंपाची नाही. मेव्हण्याची. काहीतरी आत ठेवलंय यानं. मागचं लिनोलियम उचललं, जादा चाकाच्या खळग्यात हात घातला, सीटखाली बघितलं. धूळ आणि सुपारीची टरफलं. मेव्हणा पोत्यावर बसून पान खात बघत होता.

"भावजी, काय शोधता?"

"तू ठेवलंस ते."

"मी? मी काय ठेवलं?"

"तेच तर शोधतोय."

थुंकला आणि उठून गेला.

मी सगळं परत भरलं. तशीच बसकी वॅगन आदळत आदळत काढली. उन्हं चांगली वर आली, आणि नाक्याच्या अलीकडे ती आपली आपण उठली. जमादाराने वीत घातली, गेली. पण तो म्हणाला, "रोज सकाळी येतोस, आज एवढा उशीर? वाटेत कुठं थांबलास?" म्हणजे बसली तर संशय, उठली तर संशय, नि उशीर झाला तर त्याचा वेगळा.

दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्याही दिवशी. मग मी हात धुऊन तिच्या मागे लागलो.

आधी गळती बघितली. वॅगनखाली पोफळीच्या विऱ्या पसरल्या, म्हणजे झावळीच्या बुंध्याचं ते कातड्यासारखं सुकं पान. त्याच्यावर तेलाचा थेंब पडला तर लपत नाही. सकाळी विऱ्या कोरड्या ठाक. गळत नव्हतं.

मग गोळे. आतली हवा गेली असेल तर मागचं अंग दगडासारखं कडक होतं, दाबलं तर दबत नाही. फेरी नसलेल्या एका दिवशी, दुपारी वॅगन उठलेली असताना मी बायकोला हाक मारली. "ये, मागे बस." ती हातातलं सूप ठेवून आली, मागच्या दारात फळीवर बसली, पाय सोडून.

"आता उड्या मार."

"मारते की. लहान हाय का मी?"

"मार म्हणतो ना."

तिने बसल्या बसल्या दोन हात टेकून अशी उडी घेतली की वॅगन झुलली. मग तिलाच मजा वाटली. आणखी मारल्या. बांगड्या वाजत होत्या. वाडीतल्या बाया बघून हसायला लागल्या तेव्हा उतरली. गोळे चांगले होते, वॅगन मऊ झुलत होती. मी मात्र तिच्या तोंडाकडे बघून एवढंच म्हटलं, "बरं, जा, काम कर." असला माणूस मी. तिच्याबरोबर दोन घटका हसलो असतो तर काय बिघडत होतं.

मग राहिली उंची धरणारी सळई. मागच्या आसाला जोडलेली एक बारीक सळई असते. आस आणि गाडी यांच्यातलं अंतर कमी झालं की ती झडप उघडते आणि तेल सोडते. आमच्याकडे समुद्राचा वारा, सगळं गंजतं. सळई अडकली असेल म्हणून काढली, रॉकेलने धुतली, ग्रीस भरून बसवली. दुपारी झक्क चालली. सकाळी परत बसकी.

तेव्हा माझं डोकं फिरलं. दुपारी ठीक, सकाळी बिघडते. याचा अर्थ एकच. रात्रीत कोणीतरी आत काहीतरी ठेवतं, आणि मी शोधेपर्यंत काढतं. एका संध्याकाळी वॅगन पूर्ण रिकामी केली, दारांना कुलूप घातलं, चावी कमरेला. सकाळी बघतो तर बसकीच, आणि आत काही नाही. शहाणा माणूस असता तर म्हणाला असता, म्हणजे माल नाही, दुसरं काहीतरी. मी म्हटलं, याच्याकडे दुसरी चावी आहे.

चावीचं बोललो तेव्हा बायको तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तुमाला गाडीचा बिघाड शोदायचाय का माझा भाऊ?"

"दोन्ही एकच असेल तर?"

"एक न्हाई. तो डोळ्यांसमोर असतो म्हून तुमाला तोच दिसतो."

त्याच आठवड्यात थंडी वाढली. एका सकाळी वॅगन नाक्यावर पोचली तरी उठली नव्हती. जमादार वीत घालायला वाकलाच नाही. लांबूनच म्हणाला, "बसली!" जणू त्याच्या पोरीचं लग्न ठरलं. सगळी पोती रस्त्यावर. मागच्या फळ्या उपटल्या, काठीने पत्रा ठोकून बघितला, इंधनाची टाकीसुद्धा ठोकली. तासभर गेला. काही मिळालं नाही, म्हणून तो जास्तच चिडला.

"बिघाड आहे साहेब," मी म्हटलं.

"दोन वर्सं भरून नेलीस तवा बिघडली न्हाय. आता बिघडली." तो माझ्याजवळ आला. "तुझा मेव्हणा कधी आला ऱ्हायला?"

मी रस्त्यावरचं पोतं उचलायला वाकलो.

"त्याला वळखतो मी. माझ्याच हातून आत गेलावता. तो आला नि तुझी गाडी बसायला लागली. हिशोब तूच कर. परवा परत बसलेली आली तर गाडी हितंच ऱ्हाईल, तुझं लायसनपण हितंच. मंग मेव्हण्याला घेऊन ये सोडवायला."

मला जे वाटत होतं तेच खाकी कपड्यातल्या माणसाने सांगितलं. मग काय, माझी खात्रीच झाली. घरी आलो आणि बायकोला सांगितलं, उद्या सकाळी तुझा भाऊ या घरातून जाईल. लायसन गेलं तर डायवरकी गेली, डायवरकी गेली तर ही खोली गेली.

ती म्हणाली, "त्यो गेला तर मी पन त्येच्या मागं जाईन."

"कुठे जाशील?"

"जिथं त्येला कुनी डबे वाहायला लावनार न्हाय तिथं. तुमी हाकललात तर त्यो परत तेच करील. मंग त्या पापाची मी धनीन."

ती असं बोलली तर करणारी होती. मी रात्री जेवलो नाही. तीही जेवली नाही. मेव्हणा तेवढा जेवला, त्याला काही माहीत नव्हतं.

सकाळी मी त्याला बोलावणार म्हणून पडवीत आलो. बायको नहाऊन उंबऱ्याशी केस सोडून बसली होती. खोबरेलाची बाटली तिने पायरीवर उन्हात ठेवली होती. थंडीत आमच्याकडे सगळ्या घरांत हेच. तेल थिजून पांढरं होतं, बाटली उलटी केली तरी पडत नाही. ती झाडूची काडी आत घालून ते उकरत होती. ऊन लागलेल्या बाजूने तेल वितळून पाणी होत होतं, सावलीच्या बाजूला पांढरा गोळा तसाच.

मी उभा राहिलो. सकाळी थिजलेलं. ऊन चढलं की पातळ.

मेव्हण्याला हाक मारायची राहिली. वॅगनकडे गेलो, बॉनेट उचललं, तेलाच्या टाकीचं झाकण काढलं आणि नाक घातलं. ते तेल मुंबईहून सीलबंद डब्यात यायचं, ब्रेकच्या तेलाच्या जातीचं, औषधासारखा वास. आता टाकीतून बायकोच्या वेणीचा वास येत होता. आतली जाळी काढली. तुपासारखा पांढरा थर. पंप बिचारा तेल ओढणार कुठून? इंजिन तापून नि ऊन चढून ते वितळेपर्यंत मागचं अंग उपाशी.

आश्विनात मला हिवतापाने धरलं होतं, दहा-बारा दिवस अंथरुणात. उठलो तेव्हा आधी उणी असलेली टाकी भरलेली दिसली. शेठ मधे येऊन गेला होता, त्यानेच डबा ओतून घेतला असेल असं मी धरलं. तेव्हा हवा गरम होती, सगळं मिसळून पातळ राहिलं, वॅगन रोज उठत राहिली. पौष आला आणि खोबरेल जागं झालं.

बिघाड मिळाला. माणूस मिळायचा होता. मी जाळी हातात घेऊन पडवीत आलो आणि मेव्हण्याच्या अंगावरच गेलो.

"हे खोबरेल टाकीत कोणी ओतलं?"

त्याने जाळीकडे बघितलं, मग बहिणीकडे. "भावजी, मी..."

"मी वतलं," बायको म्हणाली.

हातात काडी, केस अर्धे सोडलेले. अगदी सहज म्हणाली, जसं भाजीत मीठ कोणी घातलं म्हणून विचारावं.

"तू?"

"तुमी तापात बरळत व्हता. 'टाकी उनी झाली, तेल घाल, तेल घाल.' डबा रिकामा व्हता. घरात जे चांगलं तेल व्हतं ते घातलं. घाण्याचं ताजं हाय, भेसळ न्हाई त्येच्यात."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुमी इच्यारलं न्हाई. तुमी माझ्या भावाला इच्यारत व्हता."

मी तिला वॅगनपाशी नेलं. म्हटलं, "बॉनेट उघडून दाखव." ती पुढे झाली आणि तिचा हात सरळ उजव्या बाजूला गेला. बॉनेटचा खटका डाव्या बाजूला, पत्र्याखाली लपलेला. तिने उजवीकडे चाचपलं, मग मधे चाचपलं. मागे मेव्हणा जमिनीकडे बघत उभा. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. ती थांबली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मीच वतलं. आता काय ते बोला."

तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला लिहिता येणार नाही, तेवढं शिकलो नाही. पण मला एवढं कळलं की मी जर आता 'खोटं' म्हटलं, तर तो भाऊ एकटा जाणार नाही.

मी म्हटलं, "बरं."

त्या दिवशी रेवसला गेलो नाही. टाकी उपसली, नळ्या सोडवल्या, पंप इंजिनवर फिरवून आतलं सगळं बाहेर काढलं. शेठच्या कपाटात एक सीलबंद डबा होता, तो फोडला. पहिल्यांदा त्यातलं थोडं घालून फिरवून धुऊन टाकलं, मग बाकीचं भरलं. मेव्हण्याला मी बोलावलं नव्हतं, तरी तो येऊन नळ्या धरून उभा राहिला. दुसऱ्या सकाळी कडाक्याची थंडी होती. चालू केली, घुर्र केलं आणि मागचं अंग उठलं. बायको दारात होती. म्हणाली, "उठली म्हस." आणि आत गेली.

नाक्यावर जमादाराने वीत घातली. गेली. त्याने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "बिघाड काय निघाला?"

"तेल थिजलं होतं."

"तेल थिजलं!" तो बाकीच्या शिपायांकडे वळला. "ऐकलं का? तेल थिजलं म्हणं." त्याने माझ्यावर शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही. बदली होऊन गेला, जाताना नव्या माणसाला माझी वॅगन बोटाने दाखवून गेला.

मेव्हणा राहिला. पुढे वाडीचा मुकादम झाला, लग्न झालं, पोरं झाली. परत डबे वाहिले नाहीत. मी त्याच्यावर बरीच वर्षं डोळा ठेवून होतो, म्हणून सांगतो. माझ्या मनात एक चित्र उभं राहिलेलं आहे. मी तापात असताना त्याने वॅगन कुठेतरी काढली असावी. टाकी उणी दिसली तेव्हा घाबरून हाताला लागेल ते तेल ओतलं असावं. पुरावा नाही. पुरावा असता तर त्याच दिवशी बोललो असतो.

बायकोला मी मात्र सोडलं नाही. दर थंडीत, तिने बाटली उन्हात ठेवली की मी विचारायचो, "काय गं, बॉनेटचा खटका कुठल्या बाजूला?" ती म्हणायची, "तुमच्या डोक्याच्या बाजूला. तो पन सकाळी उघडत न्हाई." वर्षानुवर्षं. एकदाही डावी म्हणाली नाही, उजवी म्हणाली नाही. शेवटच्या आजारपणात मात्र मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. ती चिडली असती, थोडी उठून बसली असती.

तिचं सगळं उरकल्यावर मेव्हणा दर रविवारी यायला लागला. आता त्याचेही केस पांढरे. पडवीत बसतो, पान लावतो, मीही बसतो. मागच्या रविवारी त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "भावजी, त्या वॅगनच्या तेलाचं... बाय आता न्हाई, म्हून सांगतो..."

मी म्हटलं, "गप."

"न्हाई, पन..."

"गप म्हटलं ना. तेल तिनं ओतलं. तिनं स्वतः सांगितलंय मला."

मग त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "व्हय. तिनंच वतलं."

खोटं बोलतो. मला माहीत आहे. पण ते खोटं बोलायला का होईना, तो पुढच्या रविवारी परत आला पाहिजे.